शेवटचं नीट कधी बोलले

"पाय वर घ्या," ती खिडकीखालच्या भिंतीला म्हणाली, आणि त्याने एकच पाय उचलला. डावा. उजवा होता तिथेच राहिला, सपातेत अर्धवट सरकवलेला, टाच बाहेर. हातात ओलं फडकं घेऊन ती क्षणभर ओणवी थांबली. अर्धं ऐकायचं, अर्धं नाही. आता हट्टाचीसुद्धा वाटणी केली यांनी, असं तिच्या मनात आलं आणि तिला जवळजवळ हसू फुटलं. पण या घरात आधी हसणं म्हणजे हार. तिने हसू गिळलं, त्या उजव्या पावलाला वळसा घालून फडकं फिरवलं आणि गुडघ्यांवर सरकत पुढे गेली. तो वेताच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर वर्तमानपत्र, तोंड खिडकीकडे. ती त्याच्या उजव्या अंगाला, आणि त्याची नजर डावीकडे, बाहेर, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुठेतरी. तोंड फिरवून बसायचं असेल तर बसा, ती मनात म्हणाली. अबोल्याचा सहावा दिवस होता. मधल्या खोलीतल्या घड्याळात दहा वाजून गेले होते. ही एवढी एक वेळ तिला पुढे खात्रीने सांगता आली. बाकीची सकाळ तिच्या हातून पाण्यासारखी निसटून गेली.

गेल्या रविवारी मुलाच्या घरी जेवायला बसले असताना नवरा म्हणाला होता, "आमची ही जगाला हसू वाटते, आणि घरी आली की कवळी काढून ठेवते." सगळे हसले. सुनेची आई तर ठसका लागेपर्यंत हसली. तीही हसली, कारण ताटावरून उठता येत नव्हतं. चौतीस वर्षं ती कवळ्या बनवत होती. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे, ती त्यात मेण ओतायची, गुलाबी हिरड्या कोरायची, एकेक दात बोटाने दाबून बसवायची. चेहरा कुणाचा हे तिला कधी कळत नसे, फक्त तोंड. पण तोंडावरून तिला पुष्कळ कळायचं. हा माणूस एकाच बाजूने चावतो, ही बाई रात्री दात खाते. असं सगळं तो लोकांना कौतुकाने सांगायचासुद्धा. मग हेच का बोलावं चारचौघांत? परतीच्या वाटेवर तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. त्याच्या लक्षात यायला सोमवारची सकाळ उजाडली, आणि लक्षात आल्यावर त्याचंही डोकं फिरलं. "एवढ्या-तेवढ्याला?" एवढंच म्हणाला आणि आपला चहा आपण करायला लागला. हे त्यांच्या अबोल्याचं व्याकरण होतं: चहा ज्याचा त्याने करायचा, जेवण एकदाच पण वाढून घ्यायचं ज्याचं त्याने, आणि निकड असलीच तर भिंतीशी, भांड्याशी, कुणा तिसऱ्याशी बोलायचं. एकुलता एक मुलगा लहान होता तेव्हा तो तिसरा असायचा. "बाबांना सांग गॅस संपलाय." "आईला सांग कळलं." दोघांच्या मधे उभा राहून तो सहा वर्षांचा पोरगा निरोपांची ने-आण करायचा, त्यावरूनच त्याचं नाव टपाल पडलं होतं. अकरा दिवसांचा एक अबोला झाला होता. पण दर वेळी, शेवटी, आधी बोलायचा तो. एखाद्या संध्याकाळी दारातून आत येता येता म्हणायचा, "अगं, आज काय झालं माहीत आहे का," जणू मधे काही घडलंच नाही. तिला त्या वाक्याची सवय झाली होती. शनिवार होता, तिची कवळ्यांची प्रयोगशाळा बंद होती, आज संध्याकाळपर्यंत तो ते म्हणेल असा तिचा अंदाज होता. म्हणून तिने घाई केली नाही.

बाराच्या सुमाराला ती वाळलेले कपडे घेऊन आत आली आणि त्याचं तोंड तिला बाजूने दिसलं. ओठांचा उजवा कोपरा खाली गेला होता. कामात असा कोपरा दिसला की ती म्हणायची, आतला आधार गेलाय, दातांची उंची वाढवायला हवी. आणि खरोखर, तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की यांची वरची दाढ पडली की काय, सांगितलंसुद्धा नाही. मग तिला लाळ दिसली. हनुवटीवरून उतरून सदऱ्यावर आलेली, तळव्याएवढा ओला डाग करून आता वाळायला लागलेली. वाळायला लागली म्हणजे बराच वेळ झाला. कपडे हातातून खाली पडले. "अहो," ती म्हणाली. सहा दिवसांनी. त्याने नजर वळवायचा प्रयत्न केला, ती मधेच अडकली आणि पुन्हा खिडकीकडे घसरली. डाव्या हाताने तो वर्तमानपत्राची कड चुरगाळत होता. तेव्हा तिला दिसलं की पानाची ती सगळी कड चुरगाळून चुरगाळून कापसासारखी झाली होती, आणि खाली, तिने पुसलेल्या लादीवर, कागदाचे बारीक कण पडले होते.

रुग्णवाहिकेत तिला पुढे बसवलं. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. रस्त्यावरची माणसं भाजी निवडत होती, दुकानाचं फाटक रंगवत होती. तिला सारखा तो पाय दिसत होता. तेव्हाच का नाही कळलं? कळण्यासारखं काय होतं त्यात? माणूस खुर्चीत बसला आहे, चाळीस वर्षं उभं राहून काम केलेला माणूस. तो लिफ्टचा कारागीर होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. कुठल्याही इमारतीत शिरला की पिंजऱ्याच्या आवाजावरून सांगायचा, दोर कोरडा पडलाय, कप्पी एका अंगाने झिजलीय. आणि लिफ्टमधे माणूस अडकला की मदतनिसाला वर यंत्राच्या खोलीत पाठवून तो स्वतः बंद दारापाशी उभा राहायचा. बोलत राहायचा. "मी आलोय बरं का. हवा भरपूर आहे आत. खाली बसा पाहिजे तर. घरी कोण कोण असतं?" तास लागो, दोन तास लागोत. घरी येऊन म्हणायचा, "माणूस अंधाराला भीत नाही गं तेवढा. बाहेर कुणाला माहीतच नाही की काय, याला भितो." हे आठवलं आणि तिने गाडीच्या दाराची कडी मुठीत घट्ट धरली. चालक म्हणाला, "बाई, दार उघडेल, हात काढा."

इस्पितळात सगळं फार वेगाने झालं आणि ती प्रत्येक ठिकाणी एक पाऊल मागे राहिली. त्याला आत नेलं, डोक्याचं पहिलं चित्र काढलं. मुलगा कामावरून धावत आला, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. मग मेंदूच्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. तिशीतल्या असतील, केस घट्ट बांधलेले. त्यांनी तिच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "आई, नीट आठवून सांगा. यांना शेवटचं नीट कधी पाहिलंत? म्हणजे नीट बोलले, चालले, असं?"

प्रश्न साधा होता. मुलगा शेजारी उभा होता. एक परिचारिका कागद घेऊन थांबली होती. ती म्हणाली, "नऊला."

"सकाळी नऊला बोलले तुमच्याशी?"

"हो."

"काय बोलले?"

"चहा मागितला," ती म्हणाली. आणि म्हणताना तिला तो आवाज ऐकूसुद्धा आला: अगं, चहा टाकतेस का. इतका स्पष्ट की क्षणभर तिलाच वाटलं, मागितला असेल.

डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. "सव्वाचार तास. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत देता येतं. पंधरा मिनिटं आहेत आपल्याकडे. औषध तयार करा," त्या परिचारिकेला म्हणाल्या, आणि कागद तिच्या पुढ्यात आला. मुलगा म्हणाला, "कर सही, आई." डॉक्टरबाईंना घाई होती, पण त्या शब्द मात्र सावकाश टाकत होत्या: मेंदूला रक्त नेणारी वाहिनी बंद झालीय, हे औषध ती उघडू शकेल, पण त्यात धोका आहे. वेळ उलटून गेली असेल तर मेलेल्या भागात रक्त फुटू शकतं. म्हणून वेळ महत्त्वाची. तिने लेखणी घेतली. सहीचं पहिलं अक्षर काढलं. आत कुठेतरी एक माणूस इंजेक्शनात औषध भरत होता, तिच्या शब्दावर. लाज मोठी की हे मोठं, असा विचार तिने केला असं नंतर तिला वाटलं, पण तेव्हा विचार वगैरे काही नव्हता. लेखणी पुढे सरकेना एवढंच.

"नऊला नाही," ती म्हणाली.

"काय?"

"नऊला नाही बोलले. आमचं बोलणं नव्हतं."

"म्हणजे कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "शेवटचं कधी बोलले?"

"सोमवारी."

मुलाने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर ते सहा वर्षांचं, दोघांच्या मधे उभं राहिलेलं तोंड आलं. "आई," तो म्हणाला, "चहा मागितला म्हणालीस ना?" ती भडाभडा बोलली: मी सकाळी आठला उठले तेव्हा हे खुर्चीत होते. कप विसळून पालथा घातलेला होता, तो रात्रीचा की सकाळचा ते माहीत नाही. दहाला पाय उचलला. डावा. उजवा नाही उचलला. मला वाटलं हट्ट करतायत. "मला वाटलं रुसलेत," ती म्हणाली, आणि हा शब्द त्या पांढऱ्या उजेडात इतका पोरकट वाटला की परिचारिकेने मान खाली घातली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उभ्या राहिल्या, आत वळून म्हणाल्या, "औषध थांबवा." मग तिला म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. आता घड्याळाला विचारून उपयोग नाही. मेंदूलाच विचारू." शिरेत रंगद्रव्य सोडून दुसरं चित्र काढायला त्याला पुन्हा नेलं. तेवढा वेळ मायलेक बाकड्यावर बसले. मुलगा गुडघ्यावर कोपरं टेकून जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "मला फोन करायचास ना. मी सांगितलं असतं त्यांना." काय सांगितलं असतं, हे दोघांनाही कळलं नाही.

ते चित्र डॉक्टरबाईंनी दोघांना पडद्यावर दाखवलं. काळ्यावर पांढऱ्या फांद्या. उजव्या अर्ध्यात झाड भरलेलं, डाव्या अर्ध्यात एक जाड फांदी मधेच तोडल्यासारखी संपलेली. "ही मोठी वाहिनी. इथे बंद झालीय. पण इकडे बघा." त्यांनी बोट वर नेलं. तोडलेल्या फांदीच्या पलीकडे, अगदी कडेला, केसासारखे बारीक पांढरे धागे होते. "मेंदूच्या पृष्ठभागावर अशा आडवाटा असतात. एरवी त्या पडून असतात. मोठी वाट बंद झाली की शेजारच्या वाहिन्यांचं रक्त यांच्यातून उलटं येतं आणि त्या भागाला जगवून धरतं. कुणाच्या भरपूर असतात, कुणाच्या नसतातच म्हटलं तरी चालेल. यांच्या बऱ्या आहेत. मधला भाग गेलाय, पण भोवतालचा पुष्कळ अजून तग धरून आहे. जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढता येईल. करायचं?"

"करा," मुलगा म्हणाला. ती धाग्यांकडे बघत होती. म्हणजे ती लादी पुसत होती तेव्हा हे चाललं होतं. तिने कपडे धुतले, पिळले, दोरीवर टाकले, तीन भांडी मुद्दाम आपटली, आणि त्याच्या कवटीत ह्या केसाएवढ्या नळ्या कुणी न सांगता, कुणी न विचारता, उलट्या दिशेने रक्त ओढत होत्या. डावा पाय त्यांनीच उचलला का? नाही, डावा तर धडच होता. मग उजवा उचलायचा त्याने प्रयत्न केला असेल का? आतून जोर लावला असेल आणि खाली पाहिलं असेल तर ती फडकं घेऊन त्या पावलाला वळसा घालत होती.

गुठळी निघाली. चाळीस मिनिटांत निघाली, वाहिनी उघडली, नंतरच्या चित्रात ते झाड दोन्हीकडे भरलेलं दिसलं. मुलाने डॉक्टरबाईंचे हात धरले. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला, आठव्या दिवशी दोघांच्या आधाराने तो उभा राहिला. हात मात्र लोंबकळतच राहिला. आणि वाचा आली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आडवाटा जिथवर पोचल्या तिथवरचं वाचलं. बोलण्याची जागा मधे होती, तिथे त्या पोचल्या नाहीत. तिने तो प्रश्न विचारायला बारा दिवस घेतले. मुलगा खाली गेला होता तेव्हा ती डॉक्टरबाईंच्या मागे मागे जिन्यापर्यंत गेली.

"मी दहालाच ओळखलं असतं तर?"

डॉक्टरबाई थांबल्या. "सांगता येत नाही, आई."

"अंदाजे."

"खरंच सांगते. काहींच्या आडवाटा दहा-दहा तास धरून ठेवतात, काहींच्या अर्ध्या तासात थकतात. दहाला तो भाग जिवंत होता की सहालाच गेला होता, हे कुणालाच सांगता येणार नाही. आपण पाहिलं ते एका क्षणाचं चित्र."

"पण लवकर आलो असतो तर बरं झालं असतं."

"लवकर येणं नेहमीच बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांना ते बोलायला नको होतं असं वाटलेलं दिसलं.

"त्या वाटा कशाने होतात? माझ्या हातात काही होतं का? खाणं, चालणं..."

"बहुतेक जन्माचंच असतं. वय, रक्तदाब, साखर यांनी थोड्या कमी होतात. करून मिळत नाहीत." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही."

झालं नाही, असंही म्हणणार नाहीत. तिने ते ऐकलं. बाजूच्या खाटेवर एक सुतार होता, शेतावरच्या घरात एकटा पडलेला, अकरा तासांनी सापडलेला. त्याच्या आडवाटा, परिचारिका सांगत होत्या, पुस्तकात छापाव्यात अशा. तो पाचव्या दिवशी शिव्या द्यायला लागला आणि नवव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला. जाताना तिच्या नवऱ्याच्या पायाला हात लावून म्हणाला, "काका, बरे व्हा लवकर." ती त्या सुताराचा दिवसभर द्वेष करत होती. संध्याकाळी तिला आठवलं की त्याच्या घरात त्याला पुसायलासुद्धा कुणी नव्हतं, आणि तरी द्वेष गेला नाही.

घरी आल्यावर तिने कामावर सुट्टी टाकली. वाचा शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा यायच्या. चित्रं दाखवायच्या, अक्षरं म्हणवून घ्यायच्या. त्याच्या तोंडून एक जाड, ओला आवाज यायचा, आणि ती समोर बसून त्याच्या ओठांकडे बघायची. ओठ मिटले तर प, फ, ब, म यांतलं काहीतरी. जीभ वर लागली तर त, द, न. शब्द दाराशी येऊन परत जाताना तिला दिसायचे. "तुम्ही त्यांच्या वतीनं बोलू नका," बाई तिला बजावायच्या. "थांबा. वेळ द्या." ती थांबायची. एकदा तिने स्वयंपाकघरात बाईंना हळूच विचारलं, यांना आपलं बोलणं कळतं का हो? बाई म्हणाल्या, निम्मं कळत असावं. कुठलं निम्मं ते रोज बदलतं. "नुसत्या मान हलवण्यावर जाऊ नका. मी दोन प्रश्न खरे विचारते आणि एक खोटा. बर्फ गरम असतो का, असा. तिथेही हो म्हणाले तर समजायचं, आज पोचत नाहीये."

त्या महिन्याच्या शेवटी एका दुपारी ती त्याला भरवत होती. मुलगा येऊन गेला होता, घर शांत होतं. तिने त्याचं तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली आणि ठरवलेलं नसताना बोलायला लागली. "अहो, त्या शनिवारी ना," ती म्हणाली, "मी तुमच्यासमोरच होते. तुमच्या पायाशी होते. मला वाटलं रुसलाय तुम्ही. मी म्हटलं, आज संध्याकाळी बोलाल आपणहून. दर वेळी तुम्हीच बोलता ना. मी एकदासुद्धा आधी बोलले नाही, इतक्या वर्षांत. त्या दिवशी बोलले असते तर..." तिला पुढे जाता येईना. तिने पदराने नाक पुसलं. "डॉक्टरबाईंना मी खोटं सांगितलं. चहा मागितला म्हणून. लाज वाटली हो. तुम्हाला ते औषध दिलं असतं तर काय झालं असतं? आणि तो विनोद... तसा काही वाईट नव्हता विनोद. माझ्यावर राग आहे का तुमचा?" मग तिला कळलं की असं विचारलं तर त्याला नाही म्हणावं लागेल, आणि ते सोपं जाणार नाही, म्हणून तिने वाक्य फिरवलं. "मला माफ केलंत ना?"

तो तिच्याकडे बघत होता. डोळे ओले होते, पण आताशा ते नेहमीच ओले असायचे. त्याने डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला आणि मान हलवली. हळू, दोनदा. हो. तिच्या छातीतून इतका मोठा श्वास बाहेर पडला की तिला बसल्या जागी भोवळ आली. तिने कपाळ त्याच्या हातावर टेकवलं. इथेच थांबावं, असं तिला वाटलं. वाटी उचलावी, विसळावी, त्याला निजवावं. कुणी विचारत नव्हतं. बाई परवा येणार होत्या.

ती तशीच वाकून राहिली. मग तिने डोकं वर केलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि अगदी साध्या आवाजात, शेजारणीला काही विचारावं तसं विचारलं,

"आपल्याला एक मुलगी आहे, हो ना?"

त्याने तिचं मनगट थोडं घट्ट धरलं, आणि मान हलवली. हळू, दोनदा.